‘युलिसिस’ आणि त्याचे नवे मल्लिनाथ

दुर्बोध ग्रंथाला टीका हवी, ही गोष्ट आपल्याकडे कोणी कोणास पटवून द्यावयास नको. कालिदासासारखा प्रसादगुणाचा कवि घेतला, तरी त्याचीं काव्यें आपल्या पूर्वजांनीं मल्लिनाथाचें बोट धरूनच वाचलीं. आणि घरांत पोथी लागली म्हणजे ओवी वाचून झाल्यावर तिचा अर्थ सांगणारा कोणी तरी असावाच लागे. मल्लिनाथानें आपल्या टीकेच्या आरंभीं दोन वचनें दिलीं आहेत. मुळांत आधार नाहीं असें कांहीं लिहावयाचें नाहीं, हें पहिलें. आणि ज्याची अपेक्षा नाहीं असें कांहीं सांगावयाचें नाहीं, हें दुसरें. पहिलें वचन विद्वत्तेचें आहे, दुसरें संयमाचें. आणि पाळावयास दुसरेंच अधिक कठिण आहे. जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ या कादंबरीच्या अभ्यासासाठीं इंटरनेटवर आज जीं साधनें उपलब्ध आहेत, तीं या दुसऱ्या वचनाच्या कसोटीवर घासून पाहावीं, असा या लेखाचा हेतु आहे.

‘युलिसिस’ हा ग्रंथ नांवानें पुष्कळांच्या आणि वाचनानें फारच थोड्यांच्या परिचयाचा आहे. २ फेब्रुवारी १९२२ रोजीं, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशीं, पॅरिसमधील पुस्तकविक्रेत्या सिल्विया बीच यांनीं तो प्रसिद्ध केला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या १,०००. कथानक म्हणावें तर १६ जून १९०४ हा एकच दिवस आणि डब्लिन हें एकच शहर. वर्तमानपत्रासाठीं जाहिराती मिळविणारा लिओपोल्ड ब्लूम सकाळीं घराबाहेर पडतो, गांवभर हिंडतो, आणि अपरात्रीं स्टीफन डेडॅलस या तरुण शिक्षकास बरोबर घेऊन घरीं परततो. त्याची पत्नी मॉली हिच्या मनांत अंथरुणावर पडल्या पडल्या जे विचार येतात त्यांनीं ग्रंथ संपतो. एवढ्या कथेला अठरा प्रकरणें आणि अडीच लाखांवर शब्द लागले आहेत. प्रत्येक प्रकरणाची रीत निराळी. कोठें मनांत उमटतील तसे विचार, कोठें वर्तमानपत्री मथळे, कोठें नाटक, कोठें प्रश्नोत्तरें. अमेरिकेंत तो एका मासिकांतून क्रमशः येत असतांना अश्लीलतेचा खटला होऊन १९२१ मध्यें त्या मासिकाच्या संपादिकांना दंड झाला. न्यायमूर्ति वुल्सी यांच्या १९३३ च्या निकालानें त्या देशाचें दार उघडलें. इंग्लंडांत तो छापला जाण्यास १९३६ साल उजाडावें लागलें.

अशा ग्रंथाभोंवतीं टीकावाङ्मय वाढलें नसतें तरच नवल. पहिलें मोठें विवेचन स्टुअर्ट गिल्बर्ट यांचें, १९३० चें. हे गृहस्थ पूर्वीं ब्रह्मदेशांत न्यायाधीशाचें काम करीत. मूळ ग्रंथच त्या वेळीं इंग्रजी मुलखांत बंद असल्यामुळें त्यांना आपल्या पुस्तकांत लांबलांब उतारे द्यावे लागले. म्हणजे पुष्कळांनीं टीका आधीं वाचली आणि ग्रंथ मागाहून. पुढें १९३७ मध्यें माइल्स हॅन्ली यांनीं ग्रंथांतील प्रत्येक शब्दाची सूचि केली, आणि डॉन गिफर्ड यांच्या १९७४ च्या टिपांचें १९८८ मध्यें वाढविलेलें जाडजूड पुस्तक तर कित्येक वर्षें अभ्यासकांची काठीच होऊन बसलें. परंतु हीं पुस्तकें कोणाला मिळत? आमच्या विद्यार्थीदशेंत जिल्ह्याच्या गांवीं महाविद्यालयाच्या ग्रंथालयांत ‘युलिसिस’ची एखादी प्रत असे, टिपांचें पुस्तक मुंबई-पुण्यास जाऊन, बसल्या जागीं पाहून, वहींत उतरून आणावें लागे. ज्याला तें साधत नसे तो तिसऱ्या प्रकरणाशीं थबके, आणि पुस्तक कपाटांत परत जाई.

आज ती अडचण उरलेली नाहीं. प्रॉजेक्ट गटेनबर्गवर ग्रंथाचें मूळ पाठ्य कोणालाही फुकट वाचतां येतें. मोंटाना विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन हंट यांच्या ‘जॉइस प्रॉजेक्ट’ या संकेतस्थळावर पाठ्यांतील शब्दावर बोट टेकविलें कीं त्याची टीप समोर येते. डब्लिन, धर्म, वाङ्मय असे टिपांचे वर्ग रंगांनीं दाखविलेले आहेत, आणि जागोजाग जुनीं छायाचित्रें आहेत. पॅट्रिक हेस्टिंग्ज या अमेरिकन शिक्षकाचें मार्गदर्शक स्थळ प्रकरणवार चालतें. त्याचें पुस्तकही २०२२ मध्यें जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानें काढलें आहे. आयर्लंडच्या नभोवाणीनें १९८२ च्या १६ जूनपासून सबंध ग्रंथ नटांच्या तोंडून अखंड वाचविला. सुमारें तीस तासांचें तें वाचन आतां घरबसल्या ऐकतां येतें. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें २००२ मध्यें १ कोटी २६ लाख युरो मोजून घेतलेलीं जॉइसचीं हस्तलिखितें २०१२ मध्यें सर्वांस पाहावयास खुलीं केलीं. ज्या मासिकावर खटला झाला त्या ‘लिटल रिव्ह्यू’चे अंकही पानें जशींच्या तशीं टिपून ठेवलेले आहेत. ज्याला एकेकाळीं पॅरिस किंवा डब्लिन गांठावें लागलें असतें, तें लातूरच्या वा कणकवलीच्या विद्यार्थ्याच्या टेबलावर आलें आहे. या उपकाराचें मोल आम्ही मुळींच कमी लेखीत नाहीं.

हें द्वार आपोआप उघडलें असेंही नाहीं. जॉइस १३ जानेवारी १९४१ रोजीं वारला. युरोपांतील सत्तर वर्षांच्या नियमाप्रमाणें त्याच्या हयातींत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील हक्क २०१२ च्या आरंभीं संपले. त्यापूर्वीं मायकेल ग्रोडन या कॅनडांतील जॉइसपंडितानें ‘युलिसिस’ची अशीच सटीप, सचित्र, सध्वनि संगणकीय आवृत्ति करावयास घेतली होती, हक्कदारांकडून परवानगी न मिळाल्यामुळें अनेक वर्षांचें तें काम सोडून द्यावें लागलें. टीकाकाराचा मार्ग विद्वत्तेच्या अभावानेंच अडतो असें नाहीं, हें यावरून दिसेल.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. ‘युलिसिस’ कठिण आहे असें आपण सरसकट म्हणतों. परंतु हें काठिण्य एका जातीचें नाहीं. आमच्या मतें त्याच्या तीन जाती आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखल्याखेरीज कोणती टीप उपकारक व कोणती अपकारक हें ठरवितां येणार नाहीं.

पहिलें काठिण्य काळानें आणि अंतरानें उत्पन्न केलेलें आहे. १९०४ च्या डब्लिनवासीयास जें न सांगतां कळे, तें आज आपल्यास कळत नाहीं. त्यांत जॉइसचा कांहीं हेतु नाहीं. पार्नेल या आयरिश पुढाऱ्याचें नांव ग्रंथांत पुनःपुन्हां येतें. १८९० मध्यें एका काडीमोडीच्या खटल्यांत त्याचें नांव आलें, त्याचा पक्ष फुटला, आणि १८९१ च्या ऑक्टोबरांत तो वारला. चौदा वर्षांमागची ती जखम डब्लिनमध्यें अजून ओली होती. हें ठाऊक नसेल तर प्रेतयात्रेच्या गाडींतील चार माणसांचें बोलणें नुसतें बोलणें वाटेल. येथें टीप हवीच, आणि ती जितकी हातासरशी मिळेल तितकी बरी. स्वतः जॉइसला तरी साधनांवांचून कोठें चाललें? दूरदेशीं बसून लिहितांना डब्लिनची १९०४ सालची घरवार डिरेक्टरी त्याच्या उपयोगीं पडे. १९२१ मध्यें त्यानें पॅरिसहून आपल्या मामीस पत्र घालून विचारलें, कीं एक्लेस स्ट्रीटवरील ७ क्रमांकाच्या घराच्या कठड्यावरून साधारण माणसाला इजा न होतां खालीं उतरतां येईल काय. कारण किल्ली विसरलेल्या ब्लूमला सतराव्या प्रकरणांत तेथून उतरावयाचें होतें. ज्या लेखकाला वस्तुस्थितीची एवढी चाड, त्याच्या वाचकानें ती जाणून घ्यावी हें योग्यच. आयर्लंडच्या १९०१ व १९११ च्या खानेसुमारीचे तक्ते आतां फुकट पाहतां येतात. कोणत्या घरांत किती माणसें, कोण काय धंदा करी, हें त्यांत आहे. १९०१ च्या तक्त्यांत जॉइसचें स्वतःचें कुटुंबही आहे. अशा कामीं या नव्या साधनांची बरोबरी छापील पुस्तक करूं शकत नाहीं.

दुसरें काठिण्य लेखकानें जाणून घातलेलें आहे. पुढें उलगडावें म्हणून त्यानें तें राखून ठेवलें आहे. याचें सर्वांत चांगलें उदाहरण एका घोड्याचें. पांचव्या प्रकरणांत बँटम लायन्स नांवाचा एक ओळखीचा इसम ब्लूमच्या हातचें वर्तमानपत्र शर्यतीची बातमी पाहण्यासाठीं मागतो. ब्लूम म्हणतो, ठेव तुझ्यापाशींच, मी तें टाकूनच देणार होतों. लायन्स एकदम चमकतो, कागद परत त्याच्या हातांत कोंबतो आणि धांवत सुटतो. ब्लूमला कांहीं समजत नाहीं, वाचकालाही नाहीं. त्या दिवशीं अॅस्कॉटच्या शर्यतींत ‘थ्रोअवे’ नांवाचा घोडा धांवत होता, आणि त्या नांवाचा अर्थच ‘टाकून दिलेलें’ असा आहे. लायन्सला वाटलें, ब्लूमनें गुप्त बातमी दिली. हा घोडा खराखुरा होता, आणि एकास वीस या भावानें तो खरोखरच जिंकला. पुढें आठव्या प्रकरणांत एक धागा सांपडतो, दहाव्यांत आणखी एक. आणि बाराव्या प्रकरणांत, दारूच्या गुत्त्यांत, सारें अकस्मात् उघडें होतें. ब्लूम बाहेर गेला आहे तो एका मित्राच्या विधवेला विम्याचे पैसे मिळावे या खटपटींत; परंतु गुत्त्यांतल्या मंडळींत कोणी तरी पुडी सोडतो, कीं तो शर्यतीचे पैसे घ्यावयास गेला आहे. एवढे पैसे जिंकून हा यहुदी कोणाला एक पेला पाजीत नाहीं, या रागानें सारे त्याच्यावर उलटतात. आणि शेवटीं त्याच्यावर बिस्किटांचा डबा भिरकावला जातो.

आतां पांचव्या प्रकरणांतच टीपकारानें घोड्याचें नांव सांगून टाकलें, तर काय होतें तें पाहा. माहिती खरी आहे, मुळांत तिला आधार आहे; मल्लिनाथाचें पहिलें वचन पाळलें गेलें. परंतु वाचक ब्लूमच्या शेजारीं उभा होता तो त्याच्या डोक्यावर जाऊन बसला. निरपराध माणसाभोंवतीं गैरसमज कसा न कळत जमत जातो, याचा अनुभव जॉइसनें वाचकालाही ब्लूमइतकाच बेसावध ठेवून दिला होता. तो अनुभव गेला, आणि हातीं आली शर्यतीची एक बातमी. मॉलीनें विचारलेल्या कठिण ग्रीक शब्दाचेंही असेंच. त्याचा अर्थ जीवाचें देहांतर, हें मराठी वाचकास सांगावयास नको. गंमत आहे ती तिच्या तोंडीं त्या शब्दाचे जे तुकडे होतात त्यांत. तो उच्चार चौथ्या प्रकरणांत अर्धवटच ऐकूं येतो आणि आठव्यांत पुरा. मधलीं तीन प्रकरणें धीर धरणें हाच त्या विनोदाचा दाम आहे.

तिसरें काठिण्य कधींच सुटावयाचें नाहीं. सहाव्या प्रकरणांत स्मशानभूमींत मॅकिंटॉश कोट घातलेला एक अनोळखी मनुष्य दिसतो. तो कोण, हें ब्लूमला कळत नाहीं; बातमीदार घाईनें कोटाचेंच नांव माणसाचें म्हणून टिपून घेतो, आणि संध्याकाळच्या पत्रांत तें छापूनही येतें. सतराव्या प्रकरणांत ब्लूमला पुन्हां तोच प्रश्न पडतो, उत्तर नाहीं. पंडितांनीं यावर तर्कांचे ढीग रचले आहेत, आणि प्रत्येक नवें साधन त्यांत भर घालतें. तर्क करण्यास हरकत नाहीं. परंतु आयुष्यांत कित्येक माणसें अशींच आपल्या जवळून जातात आणि आपल्याला त्यांचें नांव कळत नाहीं, हें सांगणें जर जॉइसच्या मनांत असेल, तर उत्तर देणारी टीप ही लेखकाच्या वाक्यावर फिरविलेली बोळ्याची रेघ होय.

या तीन जाती छापील टीकेलाही लागू आहेत. मग नव्या साधनांचा दोष तो कोणता? फरक एवढाच, कीं छापील टीप पुस्तकाच्या शेवटीं किंवा दुसऱ्याच पुस्तकांत असे. ती पाहावयास उठावें लागे, पानें चाळावीं लागत; तेवढ्या श्रमांत खरोखर अडलें आहे कीं नाहीं, याचा विचार आपोआप होई. आतां शब्दच रंगून समोर उभा राहतो आणि बोटाला बोलावतो. तिन्ही जातींचीं काठिण्यें एकाच रंगांत रंगलेलीं दिसतात, आणि वाचकाला वाटूं लागतें कीं न कळणें म्हणजे उणेपणा. शिवाय बहुतेक सर्व साधनें प्रकरणांना होमरच्या महाकाव्यावरून घेतलेलीं नांवें देतात. ग्रंथांत हीं नांवें छापलेलीं नाहींत. जॉइसनें तीं खाजगी आराखड्यांत व पत्रांत वापरलीं, कार्लो लिनाटी यांस १९२० मध्यें आराखडाही पाठविला, परंतु ग्रंथ छापतांना प्रकरणांवर एकही नांव ठेविलें नाहीं. लेखकानें काढून घेतलेली शिडी आम्ही पहिल्या पायरीशींच लावून देतों.

यावर कोणी म्हणेल, कीं ही चैन प्राध्यापकांना शोभते. साधारण वाचकाला टीप दिली नाहीं तर तो पुस्तक मिटूनच ठेवील, आणि न वाचण्यापेक्षां टिपांसह वाचणें बरें. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. म्हणूनच टिपा नकोत असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांची जागा बदलावी एवढेंच आहे. या दृष्टीनें हेस्टिंग्ज यांची पद्धत आम्हांस अधिक पसंत आहे; कारण त्यांचें विवेचन ओळीओळीवर चढून बसत नाहीं, प्रकरण वाचून झाल्यावर सोबत बसून बोलावें तसें तें आहे. हंट यांचा टीपसंग्रह विद्वत्तेनें आणि प्रेमानें भरलेला आहे; परंतु तो दुसऱ्या वाचनाचा मित्र होय, पहिल्या वाचनाचा नव्हे. अमांडा व्हिस्कोंटी या अभ्यासिकेनें २०१५ मध्यें मेरीलंड विद्यापीठांत डॉक्टरेटच्या कामाचा भाग म्हणून जी आवृत्ति उभारली, तींत वाचकांनींच टिपा लिहाव्या आणि ज्याला ज्या हव्या त्याच त्यानें गाळून घ्याव्या अशी सोय होती. दुसऱ्या वचनाची आठवण ठेवणारा हा प्रयत्न होता.

आणखी एका साधनाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. फ्रँक डिलेनी या आयरिश लेखकानें १६ जून २०१० पासून आठवड्याला एक याप्रमाणें छोटीं ध्वनिमुद्रित व्याख्यानें देण्यास आरंभ केला; ओळीमागून ओळ घेऊन सारा ग्रंथ सांगावयाचा असा त्याचा संकल्प होता. साडेतीनशेंहून अधिक भाग झाले, आणि २०१७ च्या फेब्रुवारींत तो वारला. काम अर्ध्यावर राहिलें. परंतु ज्यानें तीं ऐकलीं आहेत त्याला ठाऊक आहे, कीं त्यांत टीप कमी आणि पुराणिकाचा रस अधिक आहे. खरें पाहतां ‘युलिसिस’ची पहिली टीका म्हणजे मोठ्यानें केलेलें वाचन. डोळ्यांना जें वाक्य तुटलेलें दिसतें, तें नटाच्या आवाजांत सरळ होतें. विचार कोणाचा, बोलणें कोणाचें, हें स्वरावरून कळतें. आणि तरीही पुढचें कांहीं आधीं फुटत नाहीं. आपल्या घरांतील पोथीचा क्रम हाच होता: आधीं ओवी कानावर पडावयाची, मग अर्थ.

अलीकडे विचारतांच उत्तर देणारीं संगणकयंत्रें निघालीं आहेत, आणि विद्यार्थी प्रकरणाचा सारांश त्यांच्याकडून मागून घेतात. त्यांच्या उत्तरांत खरें-खोटें एकाच ठाम स्वरांत येतें, ही एक अडचण. परंतु तीं उत्तरें उद्यां निर्दोष झालीं, तरी ज्या ग्रंथाचा सारांश ‘एक मनुष्य घराबाहेर गेला आणि परत आला’ एवढाच आहे, त्याचा सारांश घेऊन कोणाच्या पदरांत काय पडणार?

मराठी वाचकाविषयीं एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करूं. हीं सारीं साधनें आयरिश व अमेरिकन वाचक डोळ्यांपुढें ठेवून रचलेलीं आहेत. आपलें अडणें आणि त्यांचें अडणें एक नव्हे. कॅथलिक पूजाविधीचा उल्लेख आपल्यास अडतो. थिऑसफीच्या ओघानें आलेला संस्कृत शब्द त्यांना अडतो. पहिल्या प्रकरणांत एक इंग्रज पाहुणा दूध घालावयास आलेल्या आयरिश म्हातारीशीं तिच्याच देशाच्या भाषेंत बोलतो, आणि तिला ती भाषा ओळखतांही येत नाहीं. हा प्रसंग समजण्यास इंग्रजी शाळेंत शिकलेल्या मराठी माणसाला टीप लागत नाहीं. मर्ढेकरांनीं १९४२ मध्यें ‘रात्रीचा दिवस’ लिहून संज्ञाप्रवाहाची ही वाट मराठींत चोखाळली. म्हणजे वाटही आपल्यास अगदींच परकी नाहीं. तेव्हां कोणी मराठींत ‘युलिसिस’वर टिपा लिहावयास घेईल, तर त्यानें इंग्रजी टिपांचें भाषांतर करूं नये, आपल्या वाचकाला कोठें अडेल तें पाहून तेवढेंच लिहावें.

तोंवर ज्या घरांत कोणी मुलगा वा मुलगी हा ग्रंथ हातीं घेईल, तेथें आमची सूचना साधी आहे. एक प्रकरण टिपेशिवाय वाचावें; न कळलेल्या जागीं पेन्सिलीची बारीक खूण करून पुढें जावें. तेंच प्रकरण एकदां ऐकावें. मग त्याचें विवेचन पाहावें, आणि ज्या खुणा अजून शिल्लक राहतील त्यांच्यापुरत्याच टिपा उघडाव्या. असें केलें म्हणजे आढळून येईल, कीं बऱ्याच खुणा पुढच्या प्रकरणांनींच पुसल्या आहेत, आणि दोनचार कायमच्या राहिल्या आहेत. त्या राहूं द्याव्या.